न झालेल्या गाण्याचे पैसे

रात्री दहाला दहा मिनिटे कमी असताना एक तरुण स्टेजवर आला, माइक हातात घेतला आणि म्हणाला, “रसिक मायबाप, जरा समजून घ्या.” सातला सुरू व्हायचा कार्यक्रम सव्वानऊला सुरू झाला होता. जिच्या नावावर तिकिटे खपली ती गायिका येणारच नाही, हे आम्हाला त्या क्षणी कळत होते. धूळ बसावी म्हणून बेळगावच्या त्या मैदानावर टँकरने पाणी मारले होते. त्यावर हजारो पाय फिरून तांबड्या मातीचा रेंदा झाला होता आणि माझ्या पुतणीच्या नव्या चपलेचा अंगठा त्यात रुतून तुटला होता. दहा वाजता पोलिसांनी आवाज बंद करायला लावला. त्यात त्यांचे काही चुकले नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत; खास परवानगी नसेल तर रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. गणपतीत ढोल-ताशा वाजवणाऱ्या आमच्या गल्लीतल्या पोरांना हे पाठ आहे, तर तिकिटे विकून कार्यक्रम करणाऱ्याला ते माहीत नव्हते असे मी मानणार नाही.

चार तिकिटे, प्रत्येकी 1,200 रुपये, वर तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपचे ‘सुविधा शुल्क’. पुतणीने नोकरीच्या पहिल्या पगारातून ती काढली होती, म्हणून मी नाही म्हणू शकलो नाही. परतताना मागे आरडाओरडा ऐकू आला. काही पोरांनी प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर उचलल्या होत्या आणि मंडपवाल्याचा माणूस दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढे उभा होता. “खुर्च्या माझ्या मालकाच्या हाईत रे, त्यांच्या न्हवं!” असे तो ओरडत होता. आयोजक तोवर मैदानातून निघून गेले होते.

डिसेंबर 2025 मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर फुटबॉलपटू मेस्सीला बघायला आलेल्या लोकांनी, तो नीट दिसलाच नाही म्हणून, खुर्च्या आणि बाटल्या मैदानात फेकल्या. आयोजकाला अटक झाली आणि तिकिटाचे पैसे परत देण्याची भाषा त्यानंतर सुरू झाली. मला त्या बातमीत सगळ्यात जास्त काय टोचले असेल तर हा क्रम. आधी मोडतोड, मग अटक, मग पैशाची गोष्ट. जो गुमान घरी गेला त्याचे पैसे बुडाले आणि ज्याने खुर्ची फेकली त्याच्यामुळे चर्चा तरी झाली, असा धडा तरुण पोरांनी घेतला तर दोष त्यांना कसा द्यायचा? आणि ती खुर्ची शेवटी मंडपवाल्याचीच असते.

तीन आठवडे ईमेल केल्यावर आम्हाला उत्तर आले, की कार्यक्रम पार पडलेला असल्यामुळे परतावा देता येत नाही, मात्र पुढच्या कार्यक्रमासाठी सवलतीचे कूपन देऊ. माझे म्हणणे या उत्तरापासून सुरू होते. तिकिटाचे पैसे गाणे होईपर्यंत आयोजकाचे नसतातच. ती आमची त्याच्याकडे ठेवलेली ठेव असते. गाणे झाले की ती त्याची कमाई होते, नाही झाले तर ती परत यायला हवी, आणि अर्धेमुर्धे झाले तर त्या मानाने परत यायला हवी. ठेव परत मागणाऱ्याला कूपन देणे म्हणजे त्याच ठेवीवर पुन्हा एकदा हात मारणे.

आपल्याकडे हे बोलायला लोक बिचकतात, याचे कारण ‘रसिक’ हा शब्द. हा मुलूख गाण्याचा आहे. कुमार गंधर्व 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. सकाळी एसटीत बसले तर दुपारच्या जेवणाआधी धारवाडात पोचता येते, जिथे मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू राहिले, आणि शेजारच्या हुबळीत गंगूबाई हनगल. मराठी आणि कन्नड बोलणारी माणसे एकाच सतरंजीवर बसून तीच बंदिश ऐकत आली आहेत. अशा गावात पैशाचे बोलणे हलके वाटते, हे मी समजू शकतो. गायकाचा आवाज बसला, तंबोरा लागेना, पावसाने मांडव गळला, तर ऐकणाऱ्याने थांबायचे असते, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला ते शिकवले आहे. पण तो धीर गायकासाठी असतो. गायिका येणार नाही हे दुपारीच कळलेले असूनही संध्याकाळी गेटवर तिकिटे विकणाऱ्यासाठी तो नाही. (दुपारीच कळले होते, हे आम्हाला ध्वनियोजना करणाऱ्या पोरांकडून नंतर समजले.) आयोजक तिकीट विकताना आपल्याला ग्राहक समजतो, किंमत ठरवतो, ‘शेवटची पन्नास तिकिटे’ म्हणून घाई करतो. गोंधळ झाला की मात्र आपण एकदम रसिक मायबाप होतो. मी दोन्ही आहे. गाणे ऐकताना रसिक आहे, आणि तिकिटाच्या कागदावर ग्राहक आहे. दुसऱ्या नात्याने पैसे मागितले म्हणून पहिले नाते मळत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ‘तिकिटामागे नो रिफंड छापलेय ना, मग संपले’ असे शिकलेली माणसेसुद्धा म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये झाला आणि 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत करमणूकही आहे, म्हणजे बँक, विमा, वाहतूक यांच्याच रांगेत गाण्याचा कार्यक्रम बसतो. सेवेतली ‘त्रुटी’ म्हणजे नुसती सेवा न देणे नव्हे. तिच्या दर्जात, स्वरूपात, देण्याच्या रीतीत उणीव असणे हीही त्रुटी, आणि ग्राहकाला कळायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा त्रुटीच. ‘कार्यक्रम पार पडला’ हे उत्तर इथे लंगडे पडते. कार्यक्रम झाला की नाही एवढाच प्रश्न नाही. पोस्टरवर जो छापला तो झाला का, हा प्रश्न आहे. याच कायद्यात असेही आहे, की त्रुटीची सेवा देऊन पैसे परत करायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत पैसे परत करायचे. पावतीच न देणे हीदेखील अनुचित प्रथा. ज्यांनी गेटवर रोख देऊन नुसता मनगटाचा कागदी पट्टा घेतला त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

पाऊस, वादळ, परवानगी ऐनवेळी रद्द होणे, याला ‘आमच्या हातात नव्हते’ हे उत्तर असते. बरोबर, नसेल हातात. पण 1872 सालच्या भारतीय करार कायद्याचे 65 वे कलम याच जागी कामाला येते. करार निरर्थक ठरला तर त्यापोटी ज्याने जे घेतले ते त्याने परत करावे किंवा त्याची भरपाई द्यावी, असे ते सांगते. दीडशे वर्षांपूर्वीचा हा साधा न्याय आहे. पावसासाठी आयोजकाला कुणी शिक्षा करत नाही. पण पाऊस पडला म्हणून माझे 1,200 रुपये त्याचे होत नाहीत.

सुविधा शुल्काचा मुद्दा लोक सोडून देतात, रक्कम लहान म्हणून. मला तोच महत्त्वाचा वाटतो. एका माणसाचे साठ-सत्तर रुपये असतील, पण हजार लोकांचे मिळून किती होतात ते बघा. जी सुविधा मिळायची होती ती काय होती? कार्यक्रमाला जाण्याची. जाण्यासारखे काही उरलेच नाही तर सुविधा कसली दिली? अ‍ॅप म्हणते आम्ही फक्त मध्यस्थ, आयोजकाला विचारा. आयोजक म्हणतो पैसे अजून अ‍ॅपकडेच अडकलेत. दोघांच्या मध्ये ग्राहक चेंडूसारखा टोलवला जातो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा अ‍ॅपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा लागतो. त्या अधिकाऱ्याचे नाव अ‍ॅपमध्ये कुठेतरी तळाशी असते. ते शोधून त्यालाच लिहावे, कॉल सेंटरच्या यंत्राशी बोलत बसू नये.

चेन्नईचे उदाहरण आठवते. सप्टेंबर 2023 मध्ये ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम तिथे झाला. आधी ऑगस्टमध्ये पावसाने तो पुढे ढकलला होता. गर्दी एवढी झाली, की तिकीट हातात असून लोकांना आत जाता आले नाही, बायकामुलांचे हाल झाले. गाणे झाले होते, रहमान स्वतः गायले होते. तरीही ज्यांना आत जाता आले नाही त्यांनी तिकिटाची प्रत पाठवावी, असे त्यांनी स्वतः जाहीर केले आणि लोकांना पैसे परत मिळाले. म्हणजे ‘कार्यक्रम झाला’ आणि ‘तुम्हाला मिळाला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्या मोठ्या कार्यक्रमात मान्य झाले. आमच्याकडच्या मध्यम आयोजकाला ते जड का जावे?

इथपर्यंतचे सगळे कुठल्याही गावाला लागू आहे. सीमाभागात आणखी एक गाठ पडते, ती हद्दीची. आमच्या कार्यक्रमाची कंपनी महाराष्ट्रातली, तिकिटाच्या अ‍ॅपचे ऑफिस तिसऱ्याच शहरात, मैदान बेळगावचे, मंडप शहापूरचा, जनरेटर कुडाळहून आलेला. पोलिसांत चौकशी केली तर पैसे जिथे जमा झाले तिकडे जा म्हणाले. कोल्हापूरच्या एका ओळखीच्या वकिलांना विचारले तर घटना कर्नाटकात घडली म्हणाले. एका कचेरीत दोनदा ‘नाळे बन्नी’ (उद्या या) ऐकून मी परत आलो. 1956 ची राज्य पुनर्रचना, 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्नाचा दावा, या सगळ्यातून आम्हा लोकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे, की हद्दीचा प्रश्न निघाला म्हणजे काम अडले. माझे वडील तर ‘हद्द’ शब्द ऐकताच फाइल बंद करत. म्हणून इथला माणूस दोन-तीन हजारांसाठी पुढे जातच नाही, आणि बाहेरून येणाऱ्या आयोजकाला हे चांगले ठाऊक असते.

पण नेमकी हीच गाठ 2019 च्या कायद्याने सोडवली आहे, आणि आपल्या भागात ही गोष्ट पुरेशी कुणी सांगितलेली नाही. जुन्या 1986 च्या कायद्यात विरुद्ध पक्ष जिथे राहतो किंवा धंदा करतो, नाहीतर जिथे तक्रारीचे कारण घडले, तिथे जावे लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. कंपनी पुण्याची असो की दिल्लीची. उलट बाजूनेही हे खरे आहे. निपाणीचा मुलगा कोल्हापूरच्या कार्यक्रमाला गेला, खानापूरची मुले चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला महोत्सवाला गेली आणि फसली, तर त्यांना बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात येता येते. भालकीच्या माणसाला बिदरला, हल्याळच्या माणसाला उत्तर कन्नडच्या आयोगात. ज्या हद्दीने आपल्याला इतकी वर्षे ताटकळत ठेवले, ती या एका कामात आडवी येत नाही.

खर्चाची भीतीही खोटी आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही, स्वतः उभे राहून बोलता येते, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. अर्ज कन्नडमध्ये कसा लिहायचा म्हणून ज्या मराठी माणसाचे पाऊल अडते त्याच्यासाठी ही सुरुवात सोपी आहे, आणि पुष्कळदा कंपन्या तिथल्या तक्रारीवरच पैसे परत करून मोकळ्या होतात. कार्डाने पैसे भरले असतील तर सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडेही हरकत घेता येते, मात्र ती लवकर घ्यावी. मी गोड चित्र रंगवत नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असे लिहिले असले तरी तारखा पडतात. 1,200 रुपयांसाठी एकट्याने चार वेळा काम बुडवून जाणे परवडत नाही, हेही खरे. म्हणून एकत्र जावे. एकाच स्वरूपाची तक्रार असलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार करू शकतात. दोनशे लोकांची एक फाइल झाली की आयोजकाचा वकील फोन उचलायला लागतो.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे, जे मला मनापासून ऐकावेसे वाटते. आमच्याकडे कार्यक्रम करणारे सगळेच काही लबाड नाहीत. कुणी हॉटेल चालवणारा, कुणी कॉलेजात नाट्यमंडळ केलेला, चार मित्र मिळून जमीन गहाण ठेवून कार्यक्रम उभा करतात. कलाकाराचे बहुतेक मानधन आगाऊ जाते. ऐनवेळी त्याने पाठ फिरवली तर आयोजकही बुडतो. त्याच्याकडून सगळे पैसे परत घेतले तर पुन्हा कुणी बेळगावात कार्यक्रम करायला धजणार नाही, आपण परत पुण्या-मुंबईकडे बघत बसू, असे माझे एक जुने मित्र तळमळीने म्हणतात. त्यांची तळमळ खरी आहे. पण कलाकाराने आयोजकाला फसवले तर तो त्या दोघांतला करार आहे आणि वसुलीही आयोजकाने कलाकाराकडून करावी. प्रेक्षकाने त्या व्यवहारात भागीदारी घेतलेली नसते. नफा झाला असता तर त्यातले काही मला मिळणार नव्हते, मग तोटा माझ्या खिशातून का भरायचा? धोका मोठा असेल तर विमा आहे. मुंबईत किंग्ज सर्कलचे जीएसबी सेवा मंडळ आपल्या गणपतीचा 400 कोटींच्या वर विमा उतरवते. दर तिकिटामागे काही रुपये विम्याचे म्हणून उघडपणे घेतले तर मी आनंदाने देईन. आणि हे सगळे तिकिटाच्या कार्यक्रमांपुरते आहे. वर्गणीतून होणारे गणेशोत्सवातले गाणे, देवळातली भजने, वाचनालयाची विनामूल्य मैफल, यांना या वादात कुणी ओढू नये. तिथे आपण देणगी देतो, सेवा विकत घेत नाही.

खरा उपाय तक्रारीच्या आधीचा आहे. 2016 च्या रेरा कायद्याने बिल्डरला ग्राहकांकडून घेतलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, कारण एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जमिनीत जात होते आणि लोक ना घरचे ना भाड्याचे होत होते. तिकिटांच्या बाबतीत तेच घडते. या कार्यक्रमाचे पैसे मागच्या कार्यक्रमाचे देणे भागवायला जातात, आणि म्हणून परत द्यायला जवळ काही उरत नाही. मैदान देताना महापालिका पैसे घेते, पोलीस बंदोबस्त ठरवतात, अग्निशमनचा दाखला लागतो, हेस्कॉमकडून वीज घ्यावी लागते. 4 जून 2025 ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत 11 जीव गेले, तेव्हापासून गर्दीची चौकशी जास्त बारकाईने व्हावी हे योग्यच, जीव आधी. पण त्याच अर्जात एक ओळ वाढवायला काय हरकत आहे? तिकिटाच्या पैशाचा ठरावीक हिस्सा कार्यक्रम संपेपर्यंत वेगळ्या खात्यात राहील, किंवा तेवढ्या रकमेची बँक हमी द्यावी लागेल, आणि मुख्य कलाकार येत नसल्याचे कळताच तिकीट विक्री थांबवून जाहीर करावे लागेल. लहान आयोजकाला हिस्सा कमी ठेवा, पहिल्यांदा करणाऱ्याला थोडी सवलत द्या, त्याबद्दल बोलणी होऊ शकतात. प्रामाणिक आयोजकाचा यात फायदाच आहे, कारण आज लबाडांमुळे लोक त्याचेही तिकीट आगाऊ काढायला कचरतात. दर हिवाळ्यात राज्याचे विधिमंडळ इथेच सुवर्ण विधानसौधात भरते. शेजारी एवढे आमदार बसलेले असताना हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडायला आपल्याला बंगळूरला जावे लागत नाही. मराठी आणि कन्नड संघटनांनी एकत्र निवेदन देण्याजोगा हा विषय आहे, कारण त्या रात्री चिखलात उभे असलेले लोक दोन्ही भाषांत बोलत होते.

वडगावात आमच्या शेजारी यंत्रमागावर काम करणारे एक काका आहेत. मुलाच्या हट्टापायी त्यांनीही दोन तिकिटे घेतली होती, बाजारातल्या एका दुकानातून, रोख 2,400 रुपये देऊन. पावती नाही, नुसते दोन निळे कागदी पट्टे. सुरुवातीला त्यांना विचारले तेव्हा म्हणाले, “जाऊ द्या की वो. गेलं त्ये गेलं. आमास्नी कोण इचारतंय?” गेल्या रविवारी ते स्वतः वरती आले. कात्रीने कापलेले ते दोन्ही पट्टे त्यांनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवले होते. मुलाच्या फोनमध्ये गेटवरचा एक फोटोही निघाला, त्यात घड्याळाची वेळ दिसते आणि मागे पोस्टरवरचे नावही. पुतणीने दोन्हींची छायाचित्रे घेऊन आमच्या एकत्र तक्रारीच्या अर्जाला जोडली. आतापर्यंत आम्ही सतरा जण झालो आहोत. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे असा पट्टा, बँकेचा मेसेज किंवा तो फोटो अजून आहे, त्यांनी तो पुसू नये, टाकू नये.